वणवा, गिरिपुष्प आणि वेडी बाभूळ : खर्ड्याच्या माळावर काय लावायचं, हे कोण ठरवणार?

खर्डा म्हटलं की बहुतेकांना मराठे आणि निजाम यांच्यातली ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. पण जामखेड तालुक्यातल्या या गावाच्या आसपासच्या शेतकऱ्यांसाठी, मेंढपाळांसाठी मार्च महिन्याचा अर्थ वेगळा आहे. बालाघाटच्या डोंगररांगांवरचं गवत तोपर्यंत पूर्ण वाळलेलं असतं. वारा सुटलेला असतो. आणि पावसाळा तीन महिने दूर असतो. अशा वेळी एक काडी, एक विडी किंवा पेटवलेला एक बांध पुरतो. काही तासांत अख्खा डोंगर काळा होतो आणि जूनपर्यंत जनावरांना पुरणारा चारा राख होतो.

दरवर्षी वणवा लागला की 'झाडं जळाली' अशी बातमी येते, आणि दरवर्षी पावसाळ्यात 'झाडं लावा' अशी मोहीम येते. या दोन्हींच्या मधला एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : या माळावर मुळात कोणती झाडं लावली जात आहेत? आणि त्यांचा वणव्याशी काही संबंध आहे का?

माळरान म्हणजे 'पडीक' जमीन का?

अहिल्यानगर जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे जामखेड, कर्जत, श्रीगोंदा हा पट्टा, पर्जन्यछायेत येतो. इथे घनदाट जंगल नसतं. गवत आणि त्यात विखुरलेली हिवर, बोर, खैर, बाभूळ, पळस अशी काटक झाडं, असं इथल्या निसर्गाचं रूप आहे.

सरकारी नोंदींमध्ये मात्र अशा जमिनीचा मोठा भाग 'पडीक' या गटात जातो. 'इथे पूर्वी जंगल होतं, माणसानं ते तोडलं, म्हणून आता माळ उरला' असं अनेकांना वाटतं. त्यातूनच 'माळ हिरवा करायचा' ही कल्पना जन्माला येते.

ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्राचं वर्णन करणारं जुनं मराठी साहित्य, ओव्या आणि लोककथा तपासल्या. त्यात आलेल्या ४४ वनस्पतींपैकी जवळपास दोन तृतीयांश या मोकळ्या, गवताळ प्रदेशात वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे किमान ७५० वर्षांपासून हा भाग बऱ्याच अंशी असाच गवताळ आहे. माळरान हे उजाडलेलं जंगल नाही, ती स्वतंत्र परिसंस्था आहे.

या परिसंस्थेवर किती जणांचं पोट आणि जगणं अवलंबून आहे, हे पाहण्यासाठी लांब जायला नको. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे माळाचेच रहिवासी. आणि या पट्ट्यातला धनगर समाज पिढ्यानपिढ्या याच गवतावर मेंढ्या राखत आला आहे. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यातच आहे.

मग परदेशी झाडं इथे आली कशी?

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात अवर्षणप्रवण भागासाठी मोठ्या प्रमाणावर कामं निघाली. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाला जोर आला. लवकर वाढणारी, कमी पाण्यात जगणारी आणि शेळ्या-मेंढ्या खाणार नाहीत अशी झाडं हवी होती. त्या निकषात काही मोजकीच झाडं बसली.

गिरिपुष्प : मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. काही भागांत याला उंदीरमारी म्हणतात, कारण बिया आणि साल उंदरांसाठी विषारी असते. फांदी रोवली तरी जगते. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांपासून मराठवाड्याच्या सीमेपर्यंत अनेक डोंगरउतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसणारा फिकट गुलाबी बहर याचाच.

वेडी बाभूळ : अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात भारतात आणली गेली. ओढे, तलावाचे काठ, गायरानं, रस्त्याच्या कडा, सगळीकडे पसरते. शेंगा गोड असल्यानं जनावरं खातात आणि शेणातून बी लांबवर पोहोचतं.

सुबाभूळ आणि निलगिरी : पहिली चारा आणि जळणासाठी, दुसरी लाकूड आणि कागदाच्या लगद्यासाठी. सुबाभूळ जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. त्याच यादीत घाणेरीही आहे. ती झुडूप म्हणून बागेत आली आणि रानभर झाली.

इथे दोन शब्दांतला फरक समजून घ्यायला हवा. सगळीच परदेशी झाडं आक्रमक नसतात. चिंच बाहेरून आली, पण तिनं माळ गिळला नाही. जी प्रजाती माणसाच्या मदतीशिवाय वेगानं पसरते आणि स्थानिक वनस्पतींची जागा घेते, ती आक्रमक. वेडी बाभूळ आणि घाणेरी या व्याख्येत नेमक्या बसतात. गिरिपुष्पाच्या बाबतीत मुख्य प्रश्न आहे तो त्याच्या एकसुरी लागवडीचा : एकाच जातीची हजारो झाडं, तीही गवताच्या जागेवर.

या झाडांचा वणव्याशी संबंध काय?

वणवा प्रामुख्यानं माणसामुळे लागतो. भारतातल्या बहुतांश वनआगी मानवनिर्मित असतात. बांध किंवा उसाचं पाचट पेटवताना आग डोंगरात शिरते, कुणी विडी टाकतं, कुणी 'जाळलं की पावसाळ्यात गवत जोमानं येतं' या समजुतीनं मुद्दाम पेटवतं. त्यामुळे 'परदेशी झाडामुळे वणवा लागला' असं म्हणणं चूक आहे. लागलेली आग कशी वागते आणि तिच्यानंतर काय उगवतं, यावर मात्र झाडांचा परिणाम होतो.

माळावरच्या गवताची आग वेगानं येते आणि वेगानं निघून जाते. गवताची मुळं जमिनीत सुरक्षित राहतात. जाड सालीची जुनी झाडं तग धरतात. नुकसान होतं ते वाळलेल्या चाऱ्याचं, रोपांचं, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचं, सरपटणाऱ्या प्राण्यांचं आणि उघड्या पडलेल्या मातीचं.

घाणेरीसारखं दाट झुडूप मध्ये आलं की गणित बदलतं. जमिनीलगतची आग झुडपांतून शिडी चढल्यासारखी वर जाते आणि मोठ्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचते. निलगिरीच्या पानांत तेल असतं आणि तिच्या सालीचे जळते तुकडे वाऱ्यानं उडून पुढे नवी आग लावतात.

गिरिपुष्पाची पानं हिवाळ्याच्या शेवटी गळतात. म्हणजे ऐन वणव्याच्या हंगामात सावली नसते आणि खाली वाळलेला पाला असतो. आग येऊन गेल्यावर गिरिपुष्प बुंध्यातून पुन्हा फुटतं. त्याच्या शेजारी लावलेलं दोन वर्षांचं हिवराचं किंवा खैराचं रोप मात्र अनेकदा जळून जातं. दरवर्षी वणवा लागत राहिला, तर हळूहळू काटक परदेशी झाडंच उरतात. वेडी बाभूळही तशीच, बुंधा जळाला तरी खालून फुटणारी.

मग आग पूर्ण थांबवणं हाच उपाय का?

इथे थोडं थांबायला हवं. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी पूर्वी हंगामाच्या सुरुवातीलाच पालापाचोळ्याची हलकी आग लावत. १९७० च्या दशकात अभयारण्य झाल्यावर ही प्रथा बंद झाली. तिथल्या जंगलात १९९७ मध्ये अभ्यासासाठी निवडलेल्या ४१ टक्के भूखंडांवर घाणेरी होती, २००८ पर्यंत ती ८१ टक्के भूखंडांवर पोहोचली. या वाढीमागे आग बंद होणं हेही एक कारण असावं, असं सोलिगा सांगतात आणि संशोधकांनीही ही शक्यता गांभीर्यानं घेतली आहे.

याचा अर्थ खर्ड्याच्या डोंगराला काडी लावावी, असा होत नाही. बेसुमार, ऐन उन्हाळ्यातला वणवा आणि ठरवून, लवकर, छोट्या पट्ट्यात केलेलं जाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वनविभाग स्वतः जाळरेषा काढतो, म्हणजे हंगामाआधी ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून तिथलं गवत जाळून टाकतो, ते याच तत्त्वावर. पण हे काम वनविभागाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहे.

जगात इतर गावांनी काय केलं?

पोर्तुगाल : जून २०१७ मध्ये पेद्रोगाँव ग्रांदे भागातल्या वणव्यात ६६ जणांचा जीव गेला. या देशात जंगलाखालच्या जमिनीचा सुमारे चौथा हिस्सा निलगिरीनं व्यापलेला आहे. फेरारिया द साँव जुआँव नावाचं छोटं गाव त्या आगीतून वाचलं. गावालगतच्या जुन्या बुचाच्या ओक झाडांनी आग अडवली, असं गावकऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एकत्र येऊन गावाभोवतीच्या पट्ट्यातली निलगिरी काढली आणि तिथे स्थानिक झाडं लावायचं ठरवलं. जमिनी अनेक मालकांच्या होत्या, त्यामुळे खरं अवघड काम होतं ते सगळ्यांना एका टेबलावर आणण्याचं.

केनिया : बारिंगो भागातल्या पशुपालकांनी वेड्या बाभळीविरुद्ध थेट सरकारला न्यायालयात खेचलं. गोड शेंगा खाऊन दात गेलेली एक शेळी त्यांनी पुरावा म्हणून न्यायालयात आणली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं : हे झाड आम्ही मागितलं नव्हतं, तुम्ही लावलंत.

गुजरात : कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात वनविभागानं वेडी बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली. पुढे तिनं गवत गिळलं. २००८ मध्ये तिथल्या मालधारींनी पशुपालकांची संघटना उभी केली, सामूहिक वनहक्कासाठी दावे केले आणि बाभूळ काढून गवत परत आणण्याचे प्रयोग सुरू केले.

आणि महाराष्ट्रात?

सर्वांत जवळचं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. हिवरे बाजारनं १९९० च्या दशकात आदर्श गाव योजनेतून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली, डोंगरावर सलग समतल चर खोदले आणि गवत कापून नेण्याची पद्धत सुरू केली. जनावर डोंगरावर सोडायचं नाही, विळा घेऊन जायचं आणि ठरलेलं शुल्क देऊन गवत आणायचं. गावाचं गवताचं उत्पादन २००० मध्ये सुमारे १०० टन होतं, ते २००४ पर्यंत ६,००० टनांवर गेल्याची नोंद आहे. याचा वणव्याशी थेट संबंध आहे. कापून घरी आणलेलं गवत डोंगरावर जळत नाही. आणि ज्या गवताचे पैसे येतात, त्याला कुणी काडी लावू देत नाही.

दुसरं उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरचं. २०१२ मध्ये या गावाला १९३ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. गावकऱ्यांनी घाणेरी काढली, माती-पाण्याची कामं केली, वणव्यापासून राखण केली आणि सीताफळाच्या विक्रीतून उत्पन्न उभं केलं. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला.

जामखेड तालुक्यालाही गावपातळीवर संघटन उभं करण्याचा मोठा अनुभव आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. आरोग्याबरोबर पाणलोट आणि वृक्षलागवडीची कामंही या मंडळांनी केली. म्हणजे गावानं एकत्र बसून निर्णय घेणं, ही इथे नवी गोष्ट नाही.

चराईबंदीची किंमत कोण मोजतं?

यशोगाथांमध्ये एक बाजू अनेकदा सुटते. चराईबंदी झाली की सर्वांत आधी अडचण होते ती भूमिहीन शेळीपालकाची आणि मेंढपाळाची. ज्याच्याकडे शेत आहे, त्याच्याकडे कडबा असतो. ज्याच्याकडे फक्त कळप आहे, त्याला डोंगर बंद म्हणजे सगळंच बंद.

वेड्या बाभळीचंही तसंच. ती काढायलाच हवी, असं म्हणणं सोपं आहे. पण अनेक गरीब घरांची चूल तिच्यावर पेटते आणि तिच्या लाकडाच्या कोळसाभट्ट्यांवर मजुरांना काम मिळतं. गिरिपुष्पाचा पालाही शेतकरी हिरवळीचं खत म्हणून वापरतात, आणि शेताच्या बांधावर ते उपयोगीच आहे. त्यामुळे 'सगळं तोडा' हा निर्णय 'सगळं लावा' इतकाच घाईचा ठरू शकतो.

म्हणूनच ग्रामसभेत मेंढपाळ आणि भूमिहीन बसलेले नसतील, तर तिथे झालेला ठराव डोंगरावर टिकत नाही. ज्याची चराई बंद केली आणि पर्याय दिला नाही, तो राखण करायला येईल, ही अपेक्षा कशी ठेवणार?

गावाच्या हातात नेमकं काय आहे?

हे जमीन कुणाची आहे, त्यावर अवलंबून आहे.

राखीव वन : इथलं झाड परदेशी असलं तरी वनविभागाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत लागवडीच्या आराखड्यावर गाव मत मांडू शकतं. वणवा, चोरटी तोड आणि अतिक्रमण रोखणाऱ्या समित्यांसाठी संत तुकाराम वनग्राम योजनेत पुरस्कारही आहेत.

सामूहिक वनहक्क : वनहक्क कायदा, २००६ मध्ये पारंपरिक वनक्षेत्राचं संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. चराईचा हक्क, त्यातही भटक्या पशुपालकांचा हंगामी हक्क, कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. मात्र बिगरआदिवासी दावेदारांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

गायरान : इथे ग्रामपंचायत आणि ग्रामसभेच्या म्हणण्याला सर्वाधिक वजन आहे. कोणती रोपं लावायची, कुठे गवतच राखायचं, हे ठरावात लिहून घेता येतं.

जैवविविधता समिती : जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत ही समिती असायला हवी. तिची लोकजैवविविधता नोंदवही नीट भरलेली असेल, तर 'हा माळ पडीक नाही' हे कागदावर सांगता येतं.

हंगामानुसार काय करता येईल?

ऑक्टोबर-नोव्हेंबर : बी पडल्यानंतर गवत कापून साठवणं. जेवढं गवत खाली येईल, तेवढं वणव्याचं इंधन कमी.

डिसेंबर-जानेवारी : वनरक्षकाशी बोलून जाळरेषा काढणं. शेत आणि डोंगर जिथे भिडतात तो पट्टा सर्वांत महत्त्वाचा, कारण आग बहुतेकदा तिथूनच वर जाते. बांध पेटवण्याऐवजी पाचट कुजवण्याचा आग्रह धरणं.

१५ फेब्रुवारी ते १५ जून : हा वनविभागाचा वणव्याचा अधिकृत हंगाम. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीची ठिकाणं टिपते आणि नोंदणी केलेल्यांना मोबाईलवर सूचना पाठवते. पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो. तोवर गावातल्या माणसाला धूर दिसलेला असतो. वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे.

आग दिसल्यावर : एकट्यानं जायचं नाही. नायलॉनचे कपडे घालायचे नाहीत. चढावर, आगीच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही, कारण आग चढावर वेगानं धावते. कडेकडेनं, वाऱ्याची दिशा पाहून, ओल्या फांद्यांनी झोडपत आग अरुंद करत न्यायची. पळायची वाट आधी ठरवायची.

मे-जून : लागवडीची यादी हातात येण्याआधी ग्रामसभा. हिवर, खैर, बोर, पळस, लिंब, आपटा अशी स्थानिक रोपं रोपवाटिकेत आहेत का, हे विचारायचं. ती वर्षभर आधी मागितली तरच जूनमध्ये मिळतात. आणि जिथे चांगलं गवत आहे तिथे खड्डे घेऊच नयेत, हेही सांगायचं.

वेडी बाभूळ काढायची असेल तर नुसती तोडून उपयोग नाही. बुंधा जमिनीखालून उपटावा लागतो आणि मोकळ्या जागेत लगेच मारवेल, पवन्यासारखं गवत पेरावं लागतं. नाही तर दोन पावसाळ्यांत ती पुन्हा हजर.

आकड्यांपलीकडे

महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं गेलं. त्यातलं एकट्या २०१९ चं लक्ष्य ३३ कोटींचं होतं. अशा मोहिमांमध्ये रोपांची संख्या मोजली जाते. वनक्षेत्र मोजतानाही एक हेक्टरपेक्षा मोठ्या तुकड्यावर १० टक्के झाडोरा असला की तो 'वनाच्छादन' ठरतो, मग झाड कोणतंही असो. या हिशोबात गिरिपुष्पाचा डोंगर हिरवा दिसतो आणि पवन्याचं गवत असलेला माळ रिकामा.

खर्ड्याच्या शेतकऱ्याचा आणि मेंढपाळाचा हिशोब वेगळा आहे. एप्रिलमध्ये दावणीला चारा आहे का, ओढ्याला पाणी आहे का आणि डोंगर काळा आहे की पिवळा, यावर त्याचं वर्ष ठरतं. पिवळा डोंगर म्हणजे वाळलेलं, पण शाबूत असलेलं गवत. येत्या पावसाळ्यात खड्डे खोदण्याआधी हा दुसरा हिशोब ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला, तर पुढच्या मार्चमध्ये राखायला गावाकडे काही तरी असेल.